भाकरीचं घड्याळ

अण्णांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ कधीच मागं पडत नव्हतं. ते मी मागं पाडत होतो. पंचवीस वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही, आणि दुसऱ्या ग्लासानंतर आपापली पापं ताटात वाढून घेणाऱ्या मित्रांच्या बैठकीतसुद्धा नाही. माझी पाळी आली की "आपलं काय, सरळ चाललंय" म्हणायचं आणि शेंगदाण्याची बशी पुढं सरकवायची. मी अबोल आहे असं लोक समजतात. तसं काही नाही. एक वाक्य निसटू नये म्हणून बाकीचीही कोंडून ठेवावी लागली, एवढंच.

अण्णा आणि अक्का माझे कुणी लागत नव्हते. मी नेसरीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. कोल्हापुरात एका कचेरीत चिकटलो तेव्हा त्यांच्या घरी माडीवरची खोली मिळाली आणि खोलीबरोबर दोन वेळचं जेवण. घर जैनांचं. पुढं भांड्यांचं दुकान, मध्ये एक अंधारी खोली, मागं स्वयंपाकघर. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. रविवारी मी बाहेर जेवायचो. कुठं आणि काय, हे अक्का कधी विचारत नसत. फक्त सोमवारी सकाळी चहाचा कप माझ्यापासून दोन हात लांब ठेवत.

मधल्या अंधाऱ्या खोलीत घड्याळं होती. टेबलावर ठेवायची, जुनी, चावीची. अण्णांनी त्यातलं एकही हौसेनं विकत आणलेलं नव्हतं. ती मोडीत आली. लोक फुटके हंडे, चेपलेले तांबे घेऊन यायचे, मोड घालून नवीन भांडं न्यायचे. त्या ढिगात कधीतरी एखादं घड्याळ असायचं, आत पितळ आहे म्हणून तागडीत टाकलेलं. अण्णा ते हळूच बाजूला काढत. अशी दहा-अकरा जमली होती. एक काळ्या दगडाचं, देवळाच्या दारासारखं, दोन माणसांनी उचलायचं. एक पितळेचं, चारी बाजूंना काच आणि वर धरायला कडी. त्याला अण्णा जेवणाचा डबा म्हणत. एका बड्या घरातनं आलेलं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं. मागचं दार उघडलं तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. "साहेबाच्या घड्याळात भाडेकरू," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडं बघून हसले.

प्रत्येक घड्याळावर काही ना काही प्रयोग चालू असल्यामुळं प्रत्येकाची वेळ वेगळी. ठोके पडायला लागले की एकातनं सात पडायचे, दुसऱ्यातनं दोन, तिसरं नुसतं खरखरून गप्प बसायचं. नवीन माणूस दचकायचा. अण्णांचं म्हणणं, वेळ ही मुळात ताट बडवूनच काढलेली गोष्ट आहे. पूर्वी काशाची थाळी टांगलेली असायची, तिलाच तास म्हणत. पहाऱ्यावरचा माणूस ती मोजून बडवायचा, आणि थाळीचं नाव पुढं वेळेला चिकटलं. दिवसरात्र मिळून साठ घटका, एका घटकेची साठ पळं, आपल्या हिशेबानं चोवीस मिनिटं. पहर आठ, चार दिवसाचे आणि चार रात्रीचे. म्हणून उन्हाळ्यात दिवसाचा पहर लांबायचा आणि हिवाळ्यात आखडायचा. म्हणजे गड्याला उन्हाळ्यात जास्त राबवायची सोय, असं मी म्हणालो. त्या दिवसापासून मी अण्णांना आवडायला लागलो.

त्यांच्याकडं घटकापात्रसुद्धा होतं, तेही मोडीतलंच. तांब्याची वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरत एका घटकेत बुडायची. जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला अशीच वाटी घंगाळात सोडून सगळे तिच्याकडं बघत बसायचे. दुकानातल्या कारागिराला वाटला हा गळका माल. त्यानं इमानदारीनं कथलाचा डाग देऊन भोक बुजवून टाकलं. अण्णांनी ते पुन्हा पाडलं, पण जरा मोठं पडलं, आणि तेव्हापासून त्या घरची घटका बावीस मिनिटांची झाली. त्या वाटीवर लग्न लावलं असतं तर नवरा-नवरी दोन मिनिटं आधी अडकली असती. बाकी फरक काही पडला नसता.

हातावरच्या घड्याळांवर अण्णांचा राग होता. देशाची वेळ ठरवली अलाहाबादच्या बाजूच्या सूर्यावरनं, आणि आपला सूर्य त्याच्या अर्धा तास मागं. "सूर्य तिकडला आणि भाकरी कोल्हापूरची," असं ते म्हणत. गिऱ्हाइकाला वाजले किती विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. घरात टीव्ही नव्हता. रेडिओ सकाळी लागायचा, तो सातच्या बातम्यांपुरता. त्या वेळी अण्णा स्वयंपाकघरात येऊन उभे राहत आणि तिथल्या घड्याळाकडं बघत.

ते एकच घड्याळ घरात खरं बोलायचं. गोल खांद्यांचं, लाकडी, आठवड्याला चावी लागणारं, तासाला आणि अर्ध्या तासाला ठोका देणारं. आलं तेव्हा त्याच्या एका चाकाचा दात तुटलेला होता. अण्णांनी चाकाला खाच पाडली, पितळेची बारीक पट्टी बसवली, डाग देऊन पक्की केली आणि कानशीनं घासत घासत बाकीच्या दातांसारखा दात तयार केला. तीन आठवडे लागले. भिंगातनं बघितलं तरी नवा दात कुठला ते मला ओळखू आलं नाही. हयातीत अण्णांनी स्वतःचं कौतुक स्वतः केलेलं मी तेवढंच ऐकलं: "जमलं की."

ते घड्याळ अक्कांसाठी होतं. अक्कांचं रात्रीभोजनाच्या त्यागाचं व्रत, लग्नाआधीपासूनचं. नुसतं अंधार पडायच्या आत जेवायचं एवढ्यावर भागत नव्हतं. सूर्य मावळायच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, शेवटचा घास खाऊन झाला पाहिजे आणि शेगडी बंद. जुन्या माणसांना आभाळाकडं बघून कळायचं. आमच्या गल्लीत पश्चिमेला तीन मजली इमारत उठलेली, स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागायचा. सूर्य मावळला की उगवला हे तिथं कळायची सोय नव्हती. म्हणून अण्णांनी पंधरा-पंधरा दिवसांच्या वेळांचा एक तक्ता लिहून घड्याळाशेजारी चिकटवलेला. पौषात त्यावर पाच वीस होते. पाच वीसला सगळं आटपलेलं पाहिजे.

माझी कचेरी पाचला सुटायची. चालत घरी यायला सव्वापाच. उन्हाळ्यात प्रश्न नव्हता. पण कार्तिक उलटला की मी पोचायचो तेव्हा शेगडी पुसून कोरडी झालेली, अक्का शेवटचा घास घेऊन हात धुवायला उठलेल्या, आणि माझं ताट झाकून ठेवलेलं. त्यात जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, थंडीत गार होऊन वहाणेच्या तळव्यासारख्या झालेल्या. माझ्यावर व्रताचं बंधन नव्हतं, मी खायला मोकळा होतो. पण शेगडी पुन्हा पेटणार नाही, कारण ज्योतीवर किडा येऊन मरतो. मी चावत बसायचो. बोलायची सोय नव्हती, म्हणजे सोय होती, मला लाज वाटायची. परक्याच्या घरात भाकरी गरम पाहिजे म्हणून कसं सांगायचं?

म्हणून मी काळ थांबवला.

घड्याळाचा काटा कधीही मागं फिरवायचा नाही, हा अण्णांनी मला शिकवलेला पहिला धडा. ठोक्याचं यंत्र बिघडतं. घड्याळ पुढं गेलं असेल तर लंबक थांबवायचा, वेळ येईपर्यंत वाट बघायची आणि मग सोडून द्यायचा. मी चांगला विद्यार्थी होतो. सकाळी आठला अक्का बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, दर्शनाला जायच्या आणि तासभर तिथं असायच्या. अण्णा पुढं दुकान उघडत असायचे. मी खाली उतरायचो, घड्याळाच्या मागच्या दारातनं बोट घालून लंबक धरायचो, अंघोळीला जायचो, चहा प्यायचो, अर्ध्या तासानं लंबकाला टिचकी मारून कचेरीला निघायचो. दिवसभर घड्याळ अर्धा तास मागं. संध्याकाळी मी आलो की अक्कांच्या तव्यावर भाकरी फुगलेली असायची. जेवण झालं की चावी देतो म्हणून घड्याळाजवळ जायचं आणि काटे पुढं सरकवून ठेवायचे, ठोका पडेल तिथं थांबून, नियमानं. सकाळी रेडिओच्या सातला घड्याळ चोख.

अण्णा एकदा कुणाला तरी सांगत होते की आमचं नेसरीचं पोरगं घड्याळाला जपतं, रोज हात लावून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत न्हाय.

पहिल्या हिवाळ्यात मी मनाची समजूतही घालून ठेवली होती. अक्कांचा शेवटचा घास पाच पन्नासला, सूर्य मावळणार सहा दहाला. म्हणजे अजून वीस मिनिटं हातात. दोन घटकांची सवलत होती, त्यातली सव्वा मी खाल्ली, पाव घटका इकडं तिकडं. शिवाय अण्णाच सांगायचे की कोल्हापूरचा सूर्य अर्धा तास मागं आहे. मी फक्त घड्याळ गावच्या सूर्यावर आणत होतो. तक्ता हातावरच्या घड्याळाच्या वेळेनं लिहिलेला आहे हे मला माहीत होतं. पण गरम भाकरी खाताना माणूस एवढ्या खोलात जात नाही.

दुसऱ्या हिवाळ्याला अशी समजूत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात मी लंबक तासभर धरून ठेवत होतो. का, तर कचेरी सुटल्यावर चार जणांत चहाला थांबायची सवय लागली. चहाबरोबर भजी. साहेबाच्या नकला. घरी येईपर्यंत पावणेसहा. त्या भज्यांसाठी मी अक्कांचा शेवटचा घास सहा वीसला नेऊन ठेवला, सूर्य मावळल्यावर दहा मिनिटांनी. आम्ही पुरुष आधी जेवायचो, आम्ही उजेडात उठायचो. अंधारातला घास फक्त अक्कांचा असायचा.

एवढं होऊन कुणाला कळलं कसं नाही? कळायला लागलं होतं. अण्णा दुकानातनं आत येताना म्हणायचे की यंदा लवकर अंधारतंय. मी म्हणायचो की दिवस लहान झालाय, अण्णा. मग ते मला दिवस लहान का होतो ते समजावून सांगत, आणि मी मान हलवत दुसरी भाकरी घेत असे.

मग अक्कांचे धाकटे भाऊ शिरोळहून आले. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही. नदीकाठचा ऊस, दोन ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर चालू असताना बोलायची सवय असलेला आवाज, जो ट्रॅक्टर नसतानाही तसाच राहिलेला. पौषातलीच संध्याकाळ. आमची जेवणं झाली होती, मी घड्याळाची चावी हातात घेऊन अक्कांचं आटपायची वाट बघत होतो, अण्णा सुपारी कातरत होते आणि अक्का ताटावर बसल्या होत्या. मामा दारातच वाकून बूट काढत होते. अक्का म्हणाल्या, ये, बस लगेच, पाच मिनटं हायत अजून.

मामांनी मनगटाकडं बघितलं.

"अक्का, कशाची पाच मिनटं? दिस बुडून पाच मिनटं झाली की."

अक्कांनी हातातला घास ताटात ठेवला. तोंडातला होता तो गिळावा की काढावा हे त्यांना ठरवता येईना; मग उठून मोरीत जाऊन त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, भरतच राहिल्या. आम्ही सगळे घड्याळाकडं बघत होतो. घड्याळात पाच वीस झाले होते, तक्त्यावर लिहिले होते तसे.

अण्णा उठले, घड्याळाला कान लावला आणि म्हणाले की टिकटिक तर सरळ पडतीय. मामा हसायला लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मामांचं हसू चार घरं ओलांडून जायचं.

"दाजी, मोडीतला माल मोडीतच बरा दिसतो. भांडी इका आपली."

मी तिथंच उभा होतो. चावी माझ्या हातात. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय केलं, तर चावी खिशात घातली.

अण्णांनी घड्याळावरनं एकदा हात फिरवला. मग अक्कांच्या पाठीकडं बघत म्हणाले, "माझ्या हाताची चूक हाय. त्यो दात सरकत असणार."

अक्कांनी दुसऱ्या दिवशी उपास केला, बस्तीत जाऊन प्रायश्चित्त घेतलं, एका दिवसाचं. त्यांच्या समजुतीनं घड्याळ त्या एकाच दिवशी फसलं होतं. आणि अण्णांनी घड्याळ उघडलं.

दर रविवारी दुपारी ते मधल्या खोलीत बसत. डोळ्याला भिंग. समोर फडक्यावर चाकं मांडलेली. सकाळी बरोबर असणारं घड्याळ संध्याकाळी तासभर मागं कसं जातं? शेगडीच्या उष्णतेनं पितळ वाढत असेल. चावीनं ताणलेली कमान शेवटाला ढिली पडत असेल. दात भरला आहे तिथं चाक अडखळत असेल. एक एक शंका घ्यायची आणि तपासायची. त्यांचा हात थरथरत नव्हता, पण उजेड पुरायचा नाही, म्हणून मी बॅटरी धरून उभा राहायचो. "जरा वर घे," ते म्हणायचे. मी वर घ्यायचो. दोन महिने मी त्यांना उजेड दाखवला, आणि नसलेली चूक शोधायला मदत केली. बाहेर जेवायचं बंद झालं, सोमवारचा चहाचा कप जवळ आला.

आता घड्याळ मागं पडत नव्हतं, कारण मी हात लावत नव्हतो. पण त्यानं अण्णांचं समाधान होईना. सापडलेली चूक दुरुस्त करता येते, न सापडलेली कधी परत येईल सांगता येत नाही, आणि अक्कांचं व्रत तिच्यावर कसं ठेवायचं? शेवटी त्यांनी तो दात काढून पुन्हा बसवायचं ठरवलं. तो निघताना शेजारचे दोन तुटले. घड्याळ बंद पडलं. यावेळी खरोखर.

स्वयंपाकघरात प्लास्टिकचं, सेलवरचं घड्याळ लागलं. मधल्या खोलीतली बाकीची अण्णांनी एकेक करून मोडीत घातली, ज्या तागडीतनं उचलली होती तिच्यातच. काळ्या दगडाचं घड्याळ घ्यायला कुणी तयार होईना, ते अजून आहे, त्याच्यावर पाण्याची घागर ठेवतात. अण्णांनी पुन्हा कशालाच हात लावला नाही. घरातला नळ गळला तरी माणूस बोलवायचे. मी त्या हिवाळ्यातले उरलेले दिवस गार भाकरी खाल्ली आणि मनातल्या मनात तिला प्रायश्चित्त म्हणालो. खरं म्हणजे दुसरी मिळणारच नव्हती.

मामांनी ही गोष्ट शिरोळभर केली. पुढं प्रत्येक लग्नात अक्षतांच्या वेळी कुणीतरी ओरडायचं की मुहूर्त दाजींच्या घड्याळावर धरलाय काय, आणि मांडव हसायचा. अण्णाही हसायचे. अक्का हसायच्या नाहीत. मी लग्न करून, बिऱ्हाड हलवून उपनगरात राहायला गेलो, तरी अण्णांकडं जाणं ठेवलं. काही वर्षांपूर्वी अण्णा गेले. भेटायला माणसं जमली होती, मामा बोलले. माणूस देवाचा होता, म्हणाले, दाजींनी जन्मभर सगळं नीट केलं, एक वेळ सोडून. रडणारी माणसंसुद्धा हसली. मीही हसलो. हे मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो.

या हिवाळ्यात अक्कांना भेटायला गेलो. त्यांची नात आता त्यांच्याजवळ राहते, इंजिनिअरिंगला आहे. पोरीनं बंद पडलेला मिक्सर खोलून जमिनीवर मांडला होता. अक्का तिला म्हणाल्या, ठेव ते, तुझ्या आजोबासारखं करू नको. त्यांचा हात कच्चा, आणि हौस मोठी. पोरगी स्क्रू गोळा करायला लागली. मग चहा टाकायला आत गेली.

दुपारचे चार झाले असतील. मी म्हणालो, अक्का, अण्णांचा हात कच्चा नव्हता. आणि मग सगळं सांगितलं. लंबक, अंघोळ, चहा, भजी. किती वेळ लागला कोण जाणे. मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"गरम भाकरीसाठी?"

"व्हय."

"अरे, शेजारी मराठ्याचं घर हुतं की. त्यांची चूल सातला पेटायची. एकदा म्हणाला असतास तर रोज दोन भाकऱ्या तिथनं आणून ठेवल्या असत्या. भिंतीवरनं हात केला की मिळाल्या असत्या."

हे मला पंचवीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी मानलं होतं की मागणं हे चोरीपेक्षा जास्त लाजेचं असतं.

मी त्यांच्या व्रताबद्दल काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला. त्या खोलीत राहायला आलो त्या दिवसापासून मला अरे-तुरे करणाऱ्या अक्का तिथून पुढं मला तुम्ही म्हणायला लागल्या.

"माझ्या व्रताचं मी आणि देव बघून घेऊ. बस्तीतल्या म्हाराजांना इचारीन, सांगतील ते करीन. त्यात तुम्ही पडू नका. पर ह्यांचं काय? त्यो माणूस दोन म्हैनं त्या घड्याळात डोळं घालून बसला, आणि तुम्ही बॅटरी धरलीसा."

मला वाटलं होतं त्यांना बॅटरी आठवत नसेल.

"मी रोज बघत हुतो त्यांच्याकडं, अक्का. बोलायचं हुतं."

"बोलायचं हुतं ते आता शिरोळला जाऊन बोला. माझ्या भावाला सांगा. एकट्याला बाजूला घेऊन न्हाय, त्याच्या पोरांम्होरं, सुनांम्होरं. त्यानं ह्यांचं चार माणसांत हसं केलं, तुम्ही चार माणसांत सांगा. आणि ह्या पोरीला मी सांगते आजोबाचा हात कसा हुता ते. तुम्हाला न्हाय जमायचं."

नात चहा घेऊन आली. अक्का तिला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पावणं निघाल्यात." पोरगी ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मी चपला घातल्या.

पंधरा दिवसांनी मी शिरोळला गेलो. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं एसटी रखडत गेली, मला घाई नव्हती. मामा ऐंशीच्या घरात आलेत, गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. "या की पावणं," म्हणाले, पोरांना हाका मारून बोलावलं, सुनांना बोलावलं, चार माणसं आपोआप जमली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी धाकट्या नातवाला माझी ओळख करून दिली, की हे पावणं तुझ्या अण्णा-आजोबाच्या घरी ऱ्हायला हुतं, ज्यांचं घड्याळ पौषात तासभर झोपायचं. सगळे हसले. मी उसाचा रस प्यायलो, गुडघ्यांची चौकशी केली आणि शेवटच्या एसटीच्या आधीच्या एसटीनं परत आलो.

अक्कांचा फोन आला. सांगितलंसा काय, म्हणाल्या. मामा घरी नव्हते, असं मी म्हणालो. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं, असंही मला म्हणता येणार नाही. मामा कारखान्याच्या पावतीशिवाय काही वाचत नाहीत.

शिरोळला जाऊन मामांना, त्यांच्या पोरांसमोर आणि सुनांसमोर, अण्णांनी बसवलेला दात कधीही सरकला नव्हता आणि घड्याळ मी थांबवत होतो, हे मी अजून सांगितलेलं नाही.